विटकरी रंगाची साक्ष

मी परीक्षानळी बोलतेय. टेस्ट ट्यूब म्हणा हवं तर. अंबरनाथच्या या कॉलेजात मला परीक्षानळी म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. ओठाला टवका गेलाय, गळ्याशी काचेवर ७ हा आकडा कोरलाय, बाकी अंगाने मी धडधाकट आहे. माझी तक्रार तब्येतीची नाहीच. एक गोष्ट बरीच वर्षं मनात सलतेय, तेवढी सांगून मोकळी होते.

माझा जन्म भट्टीतला, त्यामुळे आगीची भीती मला कधीच नव्हती. उल्हासनगरच्या दुकानातून दौलतमामांनी मला आणलं. दौलतराव म्हणजे इथले लॅब अटेंडंट. पण पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणते. दुकानदार म्हणाला, "ले जाओ साईं, गॅरंटी का माल है." मामा म्हणाले, "काचेची कसली गॅरंटी देतोस, बाबा?" त्यांचंच खरं झालं. आम्ही डझनभर बहिणी आलो होतो, पहिल्या दोन वर्षांत नऊ जणी फुटल्या. मी टिकले ती मामांच्या हाताच्या गुणाने.

एफवाय बीएस्सीच्या पोरांचं बायोकेमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हणजे आमची रोजची हजेरी. माझ्या पोटात काय काय नाही शिजलं! अंड्यातला पांढरा बलक, बटाट्याचं पाणी, दूध, लिंबू, साखर. पोरं रंग बघायची, नाक मुरडायची आणि निघून जायची.

संजीवनी तशी नव्हती. बुवापाड्याची पोर. वडील महिपती आनंदनगरच्या एका कारखान्यात कामाला, घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. कांद्यातून डीएनए काढायचा होता, त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यापाशी आली. कांद्याच्या पाण्यावर तिने थंडगार अल्कोहोल अलगद सोडलं आणि पांढरे तंतू वर तरंगत आले. तिने मला खिडकीच्या उजेडात धरलं. "मामा, हेच आपल्या सगळ्यांत असतं?"

"असतं म्हणतात बाई. मी काय, रोज धुवून टाकतो."

ती इतकी हसली की मी तिच्या हातात थरथरले. तेव्हापासून तिला सात नंबरची नळीच लागायची. माझाही जीव जडला तिच्यावर, खोटं कशाला बोलू?

आता इथली एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. इथे पोरं प्रयोगाच्या आदल्या दिवशीच जर्नल लिहून आणतात. म्हणजे कृती लिहिली तर ठीक आहे हो, पण निरीक्षण आणि निष्कर्षसुद्धा! सीनियरचं जुनं जर्नल आणायचं आणि खाली मान घालून उतरवायचं. शिवाय खाडाखोड असलेल्या पानावर मालिनी मॅडम सही करत नसत. मॅडम वाईट नव्हत्या. चाळीस पोरं, दोन बर्नर आणि दोन तास, एवढ्यात त्या तरी काय करणार? पण प्रयोग म्हणजे आधी वऱ्हाड जेवून घेतं आणि मग लग्न लागतं, असा प्रकार होता.

एका आठवड्यात लघवीतली साखर तपासायची होती. प्रत्येक टेबलाने घरून एक नॉर्मल नमुना आणायचा. स्वतःचा आणायला पोरींना लाज, म्हणून संजीवनीने वडिलांचा आणला. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, आईने गरम पाण्याने तीनदा विसळलेली. किर्ती तिची जोडीदार. तिने नाक दाबून आठ थेंब माझ्यात टाकले. आधीपासून माझ्यात बेनेडिक्टचं द्रावण होतं, मोरपिशी निळं. साखर नसेल तर ते उकळूनही निळंच राहतं. संजीवनीने मला चिमट्यात धरून आचेवर नेलं.

मी आधी हिरवी झाले, मग पिवळी. बघता बघता नारिंगी आणि शेवटी चक्क विटकरी लाल. विटकरी म्हणजे भरपूर साखर. यापेक्षा मोठ्याने मला ओरडता येत नाही.

"अय्या, हे काय?" संजीवनी म्हणाली.

किर्तीने जर्नल बघितलं. "ए, आपण तर 'रंग निळाच राहिला, साखर नाही' असं पेनने लिहिलंय. आता खोडलं तर सही नाय मिळणार हां. जर्नलचं सर्टिफिकेशन आहे सोमवारी."

संजीवनी तरीही मला घेऊन मॅडमकडे गेली. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. मॅडम कुणाच्या तरी बर्नरची नळी बसवत होत्या. "बाटली कशाची होती?"

"खोकल्याच्या औषधाची, मॅडम."

"मग साखर निघणारच ना, बाळा! औषधाचा पाक राहिला असेल. शेजारच्या टेबलाचा नमुना घे आणि पुन्हा कर."

मामांनी मला घासलं, दोनदा विसळलं. शेजारच्यांचे आठ थेंब पडले आणि मी निळीच राहिले. ते निळेपणही खरंच होतं, पण ते महिपतींचं नव्हतं. पानावर लाल पेनाने सही झाली. संजीवनीने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मी स्टँडवर उलटी टांगली गेले.

पुढचं मला दोन वर्षांनी कळलं. संजीवनी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. बेसिनपाशी मामा आम्हाला धूत होते, ती येऊन शेजारी उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"बाबांचं अर्धं पाऊल कापलं, मामा. बुटाने फोड आला होता, तो चिघळला. डॉक्टर म्हणतात, शुगर कितीतरी वर्षं असणार."

मामांनी नळ बंद केला.

"त्या दिवशी घरी गेले तर बाबांनी हौसेने विचारलेलं, काय निघालं गं माझ्यात? मी म्हटलं, काही नाही, नॉर्मल. नंतर कंपनीत तपासणीचं शिबिर लागलं, फुकट. बाबा रांगेत उभेच राहिले नाहीत. सगळ्यांना सांगत होते, माझी पोरगी सायन्सला आहे, तिने तपासलंय, मला कशाला रांग?"

"अगं, पण मॅडमच म्हणाल्या ना, पाक राहिलाय म्हणून."

"पाक साध्या साखरेचा असतो, मामा. चहातल्या साध्या साखरेने बेनेडिक्ट लाल होत नाही, ग्लुकोजने होतं. तो प्रयोग आम्ही आदल्याच आठवड्यात केला होता, याच नळीत. पण तेही मी घरूनच लिहून आणलं होतं. लिहिलं, पण डोक्यात कुठे शिरलं?"

 मामांनी मला उगाचच पुन्हा एकदा विसळलं.

मामा आता निवृत्त होऊन बदलापूरला लेकाकडे असतात. मालिनी मॅडमही कॉलेज सोडून गेल्या. संजीवनी एमएस्सी झाली आणि तासिका तत्त्वावर इथेच शिकवायला लागली. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांची जर्नल्स तपासली. ज्यांचे निष्कर्ष आधीच लिहिलेले होते, त्यांची पानं फाडून हातात दिली. पोरं मागून म्हणाली, "काय खडूस आहे यार ही!" म्हणेनात का.

पण घरी तिने खरं सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं नाही. महिपती समजून होते की कॉलेजात तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं, रोग नंतर आला.

गेल्या शनिवारी ते कुबडी टेकत लॅबमध्ये आले. लेकीबरोबर दवाखान्यात जायचं होतं. स्टुलावर बसले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "हितंच तपासलं हुतंस व्हय गं माझं?"

संजीवनीने आधी दार लोटलं. मग स्टँडवरून मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हिच्यात, बाबा. ही लाल झाली होती. शुगर तेव्हाच होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

महिपतींनी मला उजेडात धरलं, अगदी ती धरायची तसंच. त्यांचा अंगठा खरखरीत होता. मी रिकामी होते, माझ्यातून पलीकडची खिडकी तेवढी दिसत होती. 

"मग लाल का न्हाय लिवलंस, पोरी?"

"पान आधीच भरलं होतं, बाबा."

त्यांनी मला तिच्या हातात परत दिलं, कुबडी सावरली आणि म्हणाले, "चल, डॉक्टरची येळ झाली."

माझे आता थोडेच दिवस उरलेत. टवका गेलेली नळी उकळताना तडकते, म्हणून या सुट्टीत मला फुटक्या काचांच्या खोक्यात टाकणार आहेत. त्याचं दुःख नाही. पोरांनो, तुमचं पान माझ्यासाठी कोरं ठेवा, एवढंच मागणं. मला हात नाहीत, तोंड नाही, आहे तो फक्त रंग. त्या दिवशी मी लाल झाले होते हो. अगदी विटकरी लाल झाले होते.