खालची बाजू

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँट सावरणारा नव्हे, कमर सावरणारा. माझ्या पाठीत चार पोलादी पट्ट्या आहेत आणि पोटावर चिकटणारे वेल्क्रो. त्यात आता इतके धागे अडकलेत की ते धड चिकटत नाही. पण माझी हकिकत आठवली की आजही मी हबकून जातो.

एका कारखान्यात मला शिवले, ताणून पाहिले आणि खोक्यात घातले. औषधांच्या दुकानातून मला एका हमालाने घरी नेले. लोकांचे घरसामान हलवणाऱ्या टोळीत तो काम करायचा. अंगाने काटकुळा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावले होते, "दुखेल तेव्हा तास-दोन तास बांधा. रोज व्यायाम करा. आणि जड उचलणं काही दिवस बंद." त्यातले पैलवानाच्या कानात फक्त 'बांधा' एवढेच शिरले.

पहिल्या सकाळी मी त्याच्या कमरेला घट्ट बसलो. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, दुखतच नाही." मी फुशारून गेलो.

त्या टोळीत एक रीत होती. जिन्यावरून कपाट उतरवताना खालच्या माणसावर जास्त भार येतो, म्हणून खालची बाजू आळीपाळीने धरायची. त्या दिवशी पाळी दुसऱ्याची होती. पण मुकादमाची नजर माझ्यावर पडली.

"पैलवान, तुला आता काय होतंय? पट्टा आहे ना? खालची बाजू तूच घे."

मी सुन्न झालो. हा माणूस दुखणाईत आहे म्हणून तर मी त्याच्या कमरेला होतो. त्याहून मोठा धक्का म्हणजे पैलवान खूश झाला. त्या दिवसापासून खालची बाजू कायमची त्याच्या गळ्यात पडली. घरी येऊन तो बायकोला ऐटीत सांगायचा, "आजही खालची बाजू माझीच."

मग तो मला दिवसभर बांधू लागला, अगदी झोपतानाही. मी दुखणे दाबत होतो आणि दुखत नाही म्हणून तो आणखी उचलत होता. व्यायामाचा कागद फ्रिजवर नुसता चिकटून होता. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरून कपडे धुण्याचे मशीन उतरवताना त्याचा डावा पाय एकदम बधिर झाला. तो जिन्यातच बसला. वरच्या गड्याने मशीन कसेबसे रोखून धरले, म्हणून जीव वाचला. मी कमरेला गच्च आवळलेला होतो, पण माझा काडीचाही उपयोग झाला नाही.

पैलवान अंथरुणाला खिळला आणि मी खुंटीवर गेलो. आठव्या दिवशी त्याच्या बायकोने मला खाली काढले. मला वाटले, धुणार असेल. तिने मला स्वतःच्या कमरेला बांधले. त्याला उठवणे, कुशीवर वळवणे, न्हाणीपर्यंत नेणे, हे सगळे ती एकटी करत होती.

"अहो, हात टाका माझ्या खांद्यावर," ती म्हणाली. "आता खालची बाजू माझी."

पैलवानाची नजर तिच्या कमरेवर, माझ्यावर पडली. "कधीपासून दुखतंय तुला?"

"तुम्हाला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तरी मुकादमाला कुठे सांगितलं होतं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने लगेच मुकादमाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "मला जमत नाही. माणसं पाठवा." माणसे आली. त्याला उचलायला ती रोज आळीपाळीने येत राहिली. फ्रिजवरचा कागद खाली आला आणि तो दोघांनीही वाचला.

पैलवान पाच महिन्यांनी कामावर गेला. टोळीत आता नवी रीत आहे. ज्याच्या कमरेला पट्टा, त्याच्या हातात फक्त उशा.

मित्रांनो, मी कुणाच्या कमरेला दिसलो, तर हा आता दुप्पट उचलेल असे समजू नका. आधी त्याच्या हातातले ओझे घ्या. आणि त्याच्यासाठी घरी कोण वाकते आहे, तेही एकदा विचारा.