वहिनीतून जा

ऑफिसात तिला सगळेच वहिनी म्हणत. सुरुवात तिच्या दिराने केली. तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता, आणि पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांदेखत ‘वहिनी’ अशी हाक मारली. मग काय, साहेब सोडून अख्खी खोली तिचे दीर आणि जावा झाली.

विमा कंपनीचे फोन घेणारे ज्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर बसतात, ते चालू ठेवायचे, हे या खोलीचं काम. म्हणजे टेबलावर नुसता पडदा, खरा कॉम्प्युटर दूरच्या सर्व्हरवर. तिथली सेटिंग बदलायचा अधिकार एकट्या तिच्या अकाउंटला. दुसरं अकाउंट मागायचं तर अर्ज करा, सह्या गोळा करा, वाट बघा. त्यापेक्षा तिने पासवर्डच सांगून टाकला. नियमात बसत नव्हतं, पण कामं पटापट व्हायची. ‘वहिनीतून जा,’ असं एकमेकांना सांगून लोक खिदळायचे. तीही हसायची.

आज सकाळी फोनवाल्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. ग्राहकाचं ऐकताना हात जरा थांबला की डेस्कटॉप बंद, लिहिलेलं गायब. तिने बदलांची नोंद उघडली. काल संध्याकाळी कोणीतरी डेस्कटॉप आपोआप बंद होण्याची मुदत तीस मिनिटांवरून तीनवर आणली होती. टाइप करताना शून्य राहिलं असणार. तिने आधी ते सरळ केलं, फोन सुरळीत झाले, आणि मगच पुढचं वाचलं. बदल कोणी केला, तर तिच्या अकाउंटने. कुठून केला, तर तिच्या घरच्या इंटरनेटवरून.

काल ती तापाने फणफणून आत झोपली होती, आणि बाहेरच्या खोलीत दीर लॅपटॉप घेऊन बसला होता. यापुढे शोधायचं काही उरलंच नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. वर जाब द्यायचा होता, त्यांना एक नाव हवं होतं. ज्याने केलं तो या खोलीत राहणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. बाकीचे पासवर्डाचं नावही काढेनात, कारण वहिनीतून न गेलेला त्यांच्यात एकही नव्हता. नोंदीत अकाउंट तिचं. ‘मी नाही’ म्हणावं, तर पासवर्ड वाटल्याचं कबूल करावं लागणार, आणि मग खोलीच काय, नोकरीच जाणार, तिची आणि दिराचीही. वर रात्री त्याच घरात, त्याच सासूसमोर ताट घेऊन बसायचं. चांगलीच कात्रीत सापडली बिचारी. बिचारी कसली, कात्री तिनेच धार लावून दिली होती.

सुटायला एकच वाट होती. त्याने आपण होऊन बोलावं. नवा आहे, चुकला, एखादवेळेस सांभाळूनही घेतील. तेवढ्यात दीर खरंच उठला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“साहेब,” तो म्हणाला, “वहिनींना काल खूप ताप होता. तापात झालं असेल त्यांच्या हातून. त्यांना सांभाळून घ्या.”

आवाज असा कळवळ्याचा की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. साहेबही विरघळले. असा दीर मिळायला भाग्य लागतं, म्हणाले. मग तिच्याकडे वळले.

“तुमच्याकडूनच झालं ना?”

“हो,” ती म्हणाली.

“मग उद्यापासून तुम्ही फोनवर बसा. इथलं काम हे बघतील.”

दिराने मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही.