आडवे सात

बारीकसा झटका येऊन गेल्यापासून आप्पांचा डावा हात जड झाला होता. "डोस्कं शाबूत हाय माझं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत आणि रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवत बसत. संयोगिताचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा, काही विश्वास बसत नव्हता. सोमवारपासून तिला राजारामपुरीतल्या क्लासवर पुन्हा शिकवायला जायचं होतं, आणि सासूबाई दिवसभर कामावर असल्यानं दहा महिन्यांची छकुली आप्पांजवळ राहायची होती.

म्हणून चहा झाला की ती कोडं तपासायची. एखाद-दुसरी चूक असायचीच. ती खोडून नीट लिहायची, पण मनात गाठ मारून ठेवायची.

त्या दिवशी आडवे सात होतं : 'झाडाला फुटते, पुस्तकाचे उलटतात, जेवायला मांडतात.' आप्पांनी लिहिलं होतं, पाट.

तिनं फोटो काढला आणि नवऱ्यापुढं मोबाईल धरला. "झाडाला पाट फुटतो का हो? साधं पान सुचेना त्यांना! उद्या पोरगी पलंगावरून पडली तर? मी पाळणाघर बघून आलेय."

धैर्यशील भोळा गडी. जेवताना त्यानं तो फोटोच आप्पांना दाखवला. "तुमाला दगदग नको म्हणून म्हणतोय, आप्पा."

"व्हय. बराबर हाय," एवढंच बोलून आप्पा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "सांगू नगं म्हणालं हुतं, तरी सांगते. बाळंतपणानंतर तू नुसती भिंतीकडं बघत बसायचीस. एकदा ह्यांचं कोड्यात चुकलं, ते तू हुडकलंस आन् हसलीस. तवापासनं रोज मुद्दाम चुकवत्यात की. आज पाट लिवताना स्वारी एकटीच हसत हुती. 'ह्याला सूनबाई हसणार बघ' म्हणं."

संयोगिताच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. चुका झटक्याच्या कितीतरी आधीपासूनच्या होत्या. तिला ते माहीत होतं. नजर ठेवायच्या नादात तेवढंच आठवलं नव्हतं.

सकाळी पेपर टीपॉयवर होता. कोडं पुरं भरलेलं, निळ्या शाईनं, एकही खाडाखोड नाही. तिनं ते आडवं-उभं तपासलं, आणि आपण आत्ताही तपासतोय हे कळून तिचे कान तापले.

"आप्पा, आज मला काही ठेवलं नाहीत?"

"आता आमाला चुकून चालतंय व्हय, सूनबाई?" आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

छकुली रांगत त्यांच्या पायाशी गेली आणि पायजमा धरून उभी राहिली. आप्पांनी वाकून हात पुढं केले. मग ते तसेच अधांतरी ठेवून त्यांनी संयोगिताकडं बघितलं. घेऊ का, म्हणून.