हिरवं रीळ, तपकिरी रीळ

बाबांनी मला गिऱ्हाइकांदेखत थोबाडीत मारली ती दोऱ्यापायी. वकीलसाहेबांच्या हिरव्या कोटाच्या काजांना मी तपकिरी दोरा लावला होता. साहेबांनीच तो दाखवून दिला.

"दोघी जुळ्या, एका साच्यातल्या. ताईला दिसतं, मग तुला कसं दिसत नाही? सोंगं नकोत," बाबा म्हणाले आणि मला मशीनवरून उठवलं. दुकान ताईच्या नावावर करायचं ठरलं, माझ्या हाती झाडू आला. दातओठ खात मी चिंध्या झाडत राहिले.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. तपासून त्या म्हणाल्या, "सोंग नाही हे, रंगांधळेपणा आहे. हिरवा-तपकिरी वेगळे ओळखायची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. दोन्ही चालली तर जास्तीचं होतं, म्हणून पेशी एक बंद करते. जे बंद व्हायचं, त्याच्यातूनच आरएनएचा धागा निघतो आणि त्यालाच गुंडाळून टाकतो. गर्भ इवलासा असतानाच हे होतं. कोणतं मिटेल ते नशीब, पण पुढच्या पेशी तोच कित्ता गिरवतात. ताईच्या डोळ्यांत बहुतेक सदोष एक्स मिटलं. तुझ्या डोळ्यांत धडधाकट."

"सदोष आलं कुठून?"

"आईकडून, नाहीतर वडिलांकडून. पुरुषाला एक्स एकच. वडिलांचं असेल, तर त्यांनाही हे रंग कळत नसणार."

घरी येताना आई आठवली. ती होती तोवर बाबांच्या हातात रीळ तीच द्यायची. नंतर ताई द्यायला लागली. ताई नसली की बाबा ठरलेल्या खुंटीवरून न बघता काढायचे. पाणी कुठं मुरतंय ते कळलं आणि मला हसू आलं. मशीन हवंच होतं, पण त्याआधी ती थोबाडीत व्याजासकट फेडायची होती.

वकीलसाहेबांनी दुसरा हिरवा कोट शिवायला टाकला. ताई बाहेर गेल्याचं पाहून, बाबा काजं करायला बसायच्या आधी मी खुंट्यांवरच्या दोन रिळांची अदलाबदल केली. कोणती, हे ठरवणं सोपं होतं. मला जी अगदी सारखी दिसायची, तीच.

कोट न्यायला साहेब आले तेव्हा दुकान भरलेलं होतं. "मास्तर, पुन्हा तपकिरी काजं?"

बाबांनी कोट उजेडात धरला, काजांवरून बोट फिरवलं. "कुठंयत तपकिरी?"

"सोंगं नकोत, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी दोन्ही रिळं काढून माझ्यापुढे धरली.

"यातलं हिरवं कोणतं, एवढं सांग," ते हळूच म्हणाले.

"ताई येईपर्यंत थांबा. माझे डोळे तुमच्यावर गेलेत."