आठ तास टीव्ही

धाकट्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. पत्रकारिता शिकणारी आमची थोरली नात टीव्हीचं सर्वेक्षण करत घरी आली. ह्यांना दिसेनासं झालं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. नातीवर ह्यांचा जीव, म्हणून पोरांत पहिलं तिलाच सांगायचं ठरवून ते बसले होते.

"आजोबा, दिवसाला किती तास टीव्ही बघता?"

"आठ तास चालू असतो. पण पोरी, मला आता..."

"अहो, गोष्ट नको, आकडा सांगा! मुलाखती पुढच्या टप्प्यात."

"बरं, लिही आठ. या घरात माझं तुझी आजीसुद्धा ऐकत नाही," म्हणत ते हसले.

आठ तास बघणाऱ्यांत त्यांची गणती झाली. मुलाखतींचा टप्पा परीक्षेनंतर होता. माझे यजमान त्याआधीच, त्या वर्षीच्या थंडीत वारले.