घटकेची वाटी

"किती मिनिटं म्हणालात?" ज्ञानदेव तांबटांनी कानामागे हात धरला.

"वीस," मी मोठ्यानं सांगितलं. "चोवीस हवीत."

"म्हणजे तुमच्या यंत्राला घाई झाली."

कसबा पेठेतल्या त्यांच्या दुकानात मी त्यांच्याच आजोबांचं घटिकापात्र घेऊन उभी होते. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरून एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत, बुडते. आमच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी ती दिली होती. अट एकच, नातीच्या लग्नाआधी परत हवी. घरातली सगळी लग्नं याच वाटीवर लागली होती. भोकात क्षार साचलेले दिसले म्हणून मी गणित मांडलं, व्यास काढला आणि ड्रिल फिरवलं. लग्न परवा होतं.

"नम्रताताई, कॉलेजात भोक मोठं करायला शिकवलं. लहान करायला?"

"काका, ते कसं होणार?"

त्यांनी वाटी ऐरणीच्या गोल टोकावर पालथी घातली आणि भोकाभोवती हातोडीचे हलके ठोके देत राहिले. तांबं आत सरकत गेलं. भोक जवळजवळ मिटलं. मग काड्यापेटीतून त्यांनी सोन्याची एक सुई काढली आणि भोकात फिरवली.

"हिची जाडी किती?"

"ते नाही माहीत. ठरलेल्या वजनाचं सोनं घ्यायचं आणि चार बोटं लांब तार ओढायची. आजोबांनी सांगितलेलं."

मी सुईकडे बघत राहिले. वजन ठरलं, लांबी ठरली, की जाडी ठरलीच. सोन्याची घनता बदलत नाही, ते गंजतही नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार केला होता. मिलिमीटरचा अंश काड्यापेटीत सांभाळून ठेवलेला होता.

"मोजू का?" मी पर्समधून मायक्रोमीटर काढला.

"मोजा. वाकवू नका."

वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडली. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. विसावं मिनिट उलटलं. वाटी तरंगतच होती.

ज्ञानदेवांनी डोळे मिटून घंगाळाच्या पोटाला तळवा लावला. "पूर्वी ऐकू यायची," ते म्हणाले. "पन्नास वर्षं ठोकाठोकी केली, कान गेले."

वाटी बुडाली. तळाशी बारीक टण् वाजलं.

"टेकली," ते म्हणाले.

"चोवीस!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नसावं. तांब्याची थरथर थांबेपर्यंत त्यांचा तळवा तिथेच होता.