बाराव्या खुर्चीचा रिकामा फेरा

मित्रांनो, साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांच्या एका जुन्या गोल पाळण्यातली मी बारावी खुर्ची. सौराष्ट्रातल्या मेळ्यांत माझा उभा जन्म गेला. माझं बोलणं तुम्हाला पटेल की नाही, शंकाच आहे, तरी सांगते.

पाळणेवाल्या समजुबेनची मुलगी कंकू रोज माझ्यातच बसे. पाळण्याने वेग घेतला की आम्ही बाराही जणी सारख्याच तिरक्या होऊन उंच जात असू. कंकू आईला ओरडून सांगे, "बा, माझे पाय कडुलिंबाला लागले!"

नऊ वर्षांपूर्वी ती तापाने गेली. मग माझ्यात कुणाला बसू दिलं नाही. बाकीच्या अकरा माणसांनी भरलेल्या, मी रिकामी. तरी त्यांच्याइतकीच उंच जाई. समजुबेन म्हणे, "बघा, माझी कंकू बसलीय! रिकामी खुर्ची इतकी उडेल होय?" मेळ्याच्या पहिल्या दिवशी ती माझ्यावर कंकूचा खाऊ म्हणून मूठभर गाठिया ठेवी. हरजीवन मिस्त्री दरवर्षी अकरा खुर्च्यांच्या साखळ्या अडकवायचे लोखंडी आकडे सोडवून तपासत. माझ्यापुढे मात्र नुसते हात जोडत.

मला ठाऊक होतं, उंची वजनावर ठरत नाही, वेगावर ठरते. वजनाने वाढतो तो साखळीवरचा ताण, आणि तो बाहेरून दिसत नाही. ओझं नव्हतं म्हणूनच माझा झिजलेला आकडा तगला होता.

गेल्या वर्षी आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या मेळ्यात, समजुबेनने पाच वर्षांच्या नातीला माझ्यापाशी आणलं. "चल धनू, आत्याच्या मांडीवर बस."

धनूचं ओझं माझा आकडा पेलणार नव्हता. पण मी ओरडणार कशी?

"थांबा बेन," हरजीवन म्हणाले. "घरचं पोर आहे. आधी एक फेरा रिकामा सोडतो."

"कंकूवर भरवसा नाही तुमचा?"

"कंकूवर आहे हो, लोखंडावर नाही."

पाळणा फिरला. बाराही रिकाम्या खुर्च्या सारख्याच उंच गेल्या. समजुबेन मान वर करून बघत राहिली. पाळणा थांबल्यावर हळूच म्हणाली, "हरजीवनभाई, मग त्या अकरांत कोण बसलं होतं?"

शिडी लावून त्यांनी माझा आकडा सोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. झिजून तो गवताच्या काडीएवढा उरला होता. समजुबेनने धनूला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

आता मला नवा आकडा आहे. माझ्यात मुलं बसतात. मित्रांनो, ज्याला हात जोडाल, त्याचा आकडाही कधी सोडून बघत जा.

गाठिया अजून ठेवतात. आणि आता प्रत्येक मेळ्याआधी जो रिकामा फेरा सोडतात, त्यात कधी कधी माझ्या साखळ्यांवर एका लहान मुलीएवढा ताण येतो. उंची तीच राहते, म्हणून खालून कुणाला कळत नाही. समजुबेनला ते सांगायला मला तोंड नाही.